शेजारच्या सुनेची पीएचडी, पण कुणाला सांगू नका

अहो, ऐकलंत का? या, जरा अशा शेवग्याच्या बाजूला या. तिथं उभ्या राहिलात तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं आपण दोघी सरळ दिसतो. मिरच्यांचं सूप घेऊनच या की. मी पण देठं खुडत खुडतच बोलते, म्हणजे कुणी बघितलं तरी चटणीचंच चाललंय असं वाटेल. तुमची ब्याडगी यंदा काय भावानं मिळाली? असू दे, ते मग.

तर ती शेजारची धाकटी सून. चष्मेवाली. ती पीएचडीला लागली हे तुम्हाला माहीत असणारच, अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्लेत. पण पेढ्यांच्या दिवशी काय झालं ते नाही ना माहीत? तुम्ही तेव्हा लेकीकडं होतात. अहो, घोटाळा सगळा त्या 'लागली' शब्दाचा. आपल्यात लागली म्हणजे नोकरीला लागली, नाहीतर फलाटावर गाडी लागली. सासरेबुवांनी दारोदार सांगितलं, "सून लागली." कोपऱ्यावरच्या काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पगार किती पडतोय हो हातात?" पोरगी साधी. म्हणाली, "पगार नाही काकू, उलट फी भरायचीय." काकूंचा पेढा असा एका गालात राहिला बघा. आणि सासरेबुवा पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत गुंडाळत आत गेले, ते दिवे लागले तरी बाहेर आले नाहीत.

आता त्यांचा तरी काय दोष म्हणा. त्यांच्या डोक्यात सदतीस हजार बसलेले ना! जेआरएफ मिळाली की महिन्याला 37,000 रुपये, 2023 पासून वाढवलेत, हे त्यांनी पेपरात वाचलेलं. गंगावेशीत पहाटे धारोष्ण दूध प्यायला जातात ना ते, तिथल्या कट्ट्यावर आकडा सांगून मोकळे! लोक बघता बघता त्यांना 'सदतीस हजारवाले' म्हणायला लागले. आणि मग जेआरएफ थोडक्यात हुकली. हल्ली म्हणे नेट परीक्षेत तीन तऱ्हेचे पास असतात. पहिले पैशासकट पास, दुसरे प्रोफेसरकीला पास, आणि तिसरे नुसते पीएचडीला बसायला पास. ही तिसऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे दाखला मिळाला, पण जेवण न्हाई."

आणि ती परीक्षा तरी एकदा झाली का हो? तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे, 18 जून 2024. मंगळवार होता, मी उपास सोडायच्या गडबडीत होते. पोरगी पेपर देऊन आली ती अशी हसत! म्हणाली, "काकू, लई भारी गेला." आमच्या ह्यांनी महाद्वार रोडवरनं बासुंदी आणली. दुसऱ्या दिवशी रात्री बातम्या लावल्या तर परीक्षाच रद्द! एका शहरातली नव्हे, देशभरातली. नऊ लाखांवर पोरं बसलेली. अहो, बासुंदीचं भांडं अजून घासलेलं नव्हतं. ती आमच्याच सोफ्यावर बसलेली, टीव्हीकडं बघतच राहिली. रडली नाही. चष्मा काढून ओढणीनं पुसत राहिली, पुसत राहिली... काचेवर काही नव्हतंच. मग ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्यांची परत परीक्षा, ती कॉम्प्युटरवर. तोवर घरात गौरी-गणपतीची साफसफाई आली. डब्यांवर डबे घासत तिनं दुसऱ्यांदा अभ्यास केला. जेआरएफ का हुकली असेल, ते मी आणि त्यांच्या घरातले पितळेचे डबे जाणोत.

मला एवढं सगळं कसं माहीत? सांगते की. जरा दम धरा.

तर काय सांगत होते... हां, तो दाखला. तो एक वर्षच चालतो. वर्षात कुठंतरी प्रवेश घेतला पाहिजे, नाहीतर परत नेट. आणि प्रवेश म्हणजे कॉलेजात फॉर्म भरला आणि वर्गात जाऊन बसलं असं नाही हो. आधी गाईड लागतो. गाईडकडं जागा लागते. प्रोफेसर असेल तर आठ पोरं, असोसिएट असेल तर सहा, असिस्टंट असेल तर चारच. म्हणजे एसटीच्या खिडकीसारखं झालं बघा, रुमाल टाकणारा आधीच कुणीतरी टाकून गेलेला. ही ज्याला फोन करेल तो म्हणे, "विषय छान आहे, पण माझ्याकडे जागा नाही." शेवटी बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात मिळाला गाईड. कुठल्या ते नाव मी नाही घ्यायची. भिंतीला कान असतात आणि पोरीला अजून तिथंच पाच-सहा वर्षं काढायचीत.

मुलाखतीची गंमत सांगायची राहिलीच! अहो, आपल्या कोल्हापूरच्या पोरी कशा बोलतात? "मी आलो, मी जातो, मी जेवलो." आपल्याला त्यात काही वाटतच नाही. ही तिथं पाच जणांपुढं बसली आणि म्हणाली, "सर, मी आधी दोन गुऱ्हाळं बघून आलोय." झालं! एक सर गालात हसले. चष्म्यावरनं बघत म्हणाले, "आलोय? की आलेय?" शेजारच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. हिचं तोंड एवढंसं झालं. कानापर्यंत लाल. मग पाण्याचा एक घोट घेतला आणि काय म्हणावं? "सर, आमच्यात आलोयच म्हणतात. आणि ज्या बायकांशी मला बोलायचंय, त्या पण आलोयच म्हणतात. मी आलेय म्हणालो, तर त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत." मग म्हणे ते सर टेबलावरचा कागद उगाचच सरळ करत बसले. आणि त्या मॅडम हसल्या. माझं म्हणणं, तिथंच प्रवेश झाला. बाकीचं नुसतं टायपिंग.

विषय काय म्हणता? गूळ! आपला गूळ हो. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या बायका. आता तुम्ही म्हणाल, गुळात काय पीएचडी? सासूबाई पण हेच म्हणाल्या. "गूळ पाहिजे तर शाहूपुरीत जा, एका तासात आणशील. सहा वर्षं कशाला लागत्यात?" पण ती सांगायला लागली की मी हातातलं काम ठेवते बघा. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या पेठेसाठी. तेव्हापासून गुळाचा भाव कुणी लिहिला, व्यापारी कोण ते लिहिलं. आता तर भौगोलिक मानांकनसुद्धा आहे आपल्या गुळाला. गुऱ्हाळावरचा गुळव्या सगळ्यांना माहीत, काहिलीतलं आदण कधी उतरवायचं ते त्याच्या नजरेवर. चुलवाणात जाळ घालणारा जळव्या माहीत. पण रस काढून झालेलं चिपाड पसरायचं, वाळवायचं, पावसाचं चिन्ह दिसलं की धावत गोळा करायचं, आणि ते वाळलं तरच जाळ व्हायचा... ते करणाऱ्या बायकांना नावच नाही, म्हणते. "काकू, गुळव्या आहे, जळव्या आहे, मग चिपाडवाल्या बाईला काय म्हणायचं?" मी म्हटलं, बाई म्हणायचं, दुसरं काय. म्हणाली, "हेच. हेच माझं पहिलं प्रकरण." आणि खरंच वहीत लिहून घेतलं हो, माझं नाव घालून! प्रबंधात राहील का नाही कुणास ठाऊक, पण मी दोन दिवस स्वयंपाकात मीठ विसरत होते.

पण ते विषयाचं शीर्षक! अहो, तो तर मोठा तमाशा. पहिल्यांदा तिनं लिहिलं, कोल्हापूर जिल्हा. गाईड म्हणाले, फार मोठं होतंय, करवीर तालुका करा. केला. मग म्हणाले, फार लहान झालं, तुलना घाला. घातली. मग ती आरआरसी का काय समिती असते, तिथल्या कुणीतरी म्हटलं, 'समस्या' शब्द नको, 'आव्हाने' घ्या. आव्हाने घेतली. दुसरे म्हणाले, शेवटी 'एक समाजशास्त्रीय अभ्यास' हवंच, त्याशिवाय पीएचडी वाटत नाही. ते पण घातलं. आता ते शीर्षक एका दमात वाचून दाखवणाऱ्याला मी बासुंदी देईन. आणि मधल्या काळात ती शोधगंगा बघत बसायची रात्रभर. सासूबाईंनी मला विचारलं, "ती शोधगंगा कुठल्या च्यानेलवर लागते वो? ही रोज बघती, मला काय सापडंना." आता मी काय सांगणार, की देशभरातले प्रबंध तिथं ठेवलेत आणि आपला विषय आधी कुणी उरकून तर टाकला नाही ना, हे ही घाबरून बघतेय? म्हटलं, "तुमच्या पॅकमध्ये नसेल वैनी."

गाईड काय, वाईट नाहीत म्हणे. पण भेटत नाहीत. पहाटे पाचच्या गाडीनं ही निघायची, डबा बांधून. तिथं पोचली की शिपाई सांगणार, "सर मीटिंगला गेलेत." व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. दुपारी सर दिसले, तर घाईत. "हां, तुमचं ते गुळाचं ना? मेल करा." मेल तर आधीच केलेला! तीन खेपा अशा गेल्या. चौथ्या खेपेला भेटले, बसा म्हणाले, चहा मागवला. हिनं आनंदानं वही उघडली. तर सर म्हणतात कसे, "पुढच्या वेळी येताना दोन ढेपा आणाल का? बिनकेमिकलच्या. घरच्यांनी सांगितलंय." आणि त्याच आठवड्यात कोर्सवर्कला पेपर कुठला होता सांगू? संशोधनातली नीतिमत्ता! दोन क्रेडिटचा, सक्तीचा. ती सांगताना हसत होती, पण मला काही हसू आलं नाही हो. दहा-दहा किलोच्या दोन ढेपा घेऊन पोरगी गाडीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "लग्न हाय काय?"

आणि गुऱ्हाळावर मी स्वतः... म्हणजे... बरं, सांगूनच टाकते. मी गेले होते तिच्याबरोबर. घरी काय सांगितलं? काकवी आणायला जातोय. आणली पण, दोन बाटल्या, एक त्यांच्यात दिली. फेब्रुवारीतली गोष्ट. आत शिरताच तो वास, गरम गुळाचा, घशापर्यंत गोड होतं. काहिलीवरची मळी काढत होते, भेंडीचं पाणी घातलेलं. बाहेर माळावर सहा-सात बायका चिपाड पसरत होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून. हिनं प्रश्नावली काढली. चार पानांची, क्लिप लावलेल्या पॅडवर. पहिल्या बाईनं विचारलं, "सरकारकडनं आलीस व्हय? पैसं मिळणार काय?" दुसरी म्हणाली, "फोटू काढू नको बाई, मालक वरडतोय." तिसरी जरा वयस्क, ती खाली बसली आणि म्हणाली, "इचार."

नाव, वय, शिक्षण, सगळं झालं. मग हिनं विचारलं, "महिन्याचं उत्पन्न किती मावशी?" त्या बाईनं सांगितलं. अगदी हिशोबानं सांगितलं हो, हजेरी किती, उचल किती, हातात किती. आणि मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आणि तुजं किती म्हणायचं?"

पेन तसंच वर राहिलं. मी बघत होते ना शेजारी उभी. पोरगीनं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. म्हणाली, "काय नाही मावशी." ती बाई क्षणभर गप्प. मग दुसरीला हाक मारून म्हणाली, "ए, हिला वाटीत गूळ दे गं गरम. लांबनं आलीया." केळीच्या पानावर घातला हो, वाटी नव्हती. येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. मी पण नाही. मी नाही बोलले म्हणजे बघा!

तर काय सांगत होते... सासूबाई. वाईट नाहीत त्या, आधीच सांगते. पण त्यांचा एकच प्रश्न. परवा धाकट्यानं, म्हणजे हिच्या नवऱ्यानं, मोबाईलवर नियम वाचून दाखवले. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणखी दोन वाढवून मिळतात. इथवर ठीक होतं. मग त्या शहाण्यानं पुढचंही वाचलं, बाळंतपणाला 240 दिवस रजा. अहो, सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं! म्हणाल्या, "बघ! सरकारला पण कळतंय. हिलाच कळंना." सासरे वर्तमानपत्राच्या आड. धाकटा मोबाईल पालथा घालून बसला. आणि ही? ही कणीक मळत म्हणाली, "आई, रजा घ्यायला आधी हजेरी लागते, आणि हजेरी लावायला तुम्ही मला सोडत नाही." सासूबाईंचा चेहरा... म्हणजे राग पण आणि हसू पण, असा काहीतरी. पोळी करपली त्या नादात.

सासऱ्यांचं शस्त्र निराळं. 2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आपल्या सतेज पाटलांनी सारथीच्या फेलोशिपचं विचारलं होतं ना, आणि अजितदादा, उपमुख्यमंत्री होते तेव्हा, म्हणाले होते, पीएचडी करून काय दिवा लावणार? सगळ्या चॅनेलवर चाललं होतं. सासरेबुवांनी ते वाक्य जपून ठेवलंय, लोणच्यासारखं. वीजबिल आलं, दिवा. जेवायला उशीर झाला, दिवा. गॅस संपला, त्याचाही दिव्याशी संबंध लावतात. एकदा ही रात्री खोलीत वाचत होती, तर बाहेरनं म्हणाले, "लागला का दिवा?" आणि मेन स्विचच्या बाजूचं बटण दाबून अख्ख्या मागच्या खोल्यांची लाईट घालवली. चेष्टेनं हो! पण लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली. दोन पानं सेव्ह नव्हती.

ती त्या रात्री आमच्याकडं आली. साडेनऊ वाजले होते. आमचे हे कधी कुणाला काही सांगायला जात नाहीत, पण त्या दिवशी पानसुपारीचा डबा घेऊन बसले तिच्यासमोर. म्हणाले, "दोन पानांचं काय घेऊन बसलीस? बाबासाहेबांची अख्खी पुस्तकं गेली होती." 1917 सालात लंडनहून परत येताना पुस्तकांच्या पेट्या निराळ्या बोटीनं पाठवल्या होत्या, युद्धाचे दिवस, ती बोटच पाणतीर लागून बुडाली. मग माणगावची परिषद झाली 1920 च्या मार्चमध्ये, आपल्या शाहू महाराजांनी तिथं सगळ्यांदेखत सांगितलं की हा तुमचा पुढारी. त्याच वर्षी बाबासाहेब परत लंडनला, राहिलेलं शिक्षण पुरं करायला. महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्रानं उसने दिले. आणि एवढं करून 1922 मध्ये प्रबंध दिला, रुपयावरचा, तर परीक्षकांनी परत पाठवला. सुधारून द्या म्हणाले! दिला परत सुधारून, 1923 मध्ये डीएससी झाले. महाराज मात्र तोवर नव्हते, 1922 च्या मे महिन्यातच गेले. हे सुपारी कातरत म्हणाले, "त्यांचा परत येतो, तर तुझी दोन पानं कुठल्या झाडाची?" पोरगी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "काका, त्यांना समिती नव्हती शीर्षक बदलायला." ह्यांना उत्तर सुचेना. अडकित्ता तसाच हातात.

आणि मग मीच बोलून गेले. आता तुम्हाला सांगते, पण गळ्याशपथ बाहेर नको. आमची माडीवरची खोली, थोरला पुण्याला गेल्यापासून रिकामीच ना? किल्ली दिली तिला. टेबल आहे, पंखा आहे, खिडकीतनं शेवगा दिसतो. दुपारची खर्डेकर ग्रंथालयात जाते, आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या. तिथं मोर फिरतात म्हणे खिडकीखाली. आणि संध्याकाळी माडीवर. आता घरी काय सांगायचं, तर काकूंचं काम. काकूंच्या कुरडया घालायच्यात. काकूंना मोबाईलवर लाईट बिल भरता येत नाही. काकूंची चटणी कांडायला डंकावर जायचंय. परवा सासूबाईंनी विचारलं मला, "तुमच्यात दोघंच ना वो? एवढी चटणी खातंय कोण?" मी म्हटलं, पुण्याला पाठवते.

तर तो दिवा, अहो, आमच्या माडीवर लागतो रोज रात्री अकरापर्यंत. आणि बिल आमच्या ह्यांच्या पेन्शनीत जातं. सासरेबुवा शतपावली घालताना वर बघून मला म्हणतात, "तुमच्यात लाईट फार जळते हो."

गेल्या आठवड्यात सहा महिन्यांचा प्रगती अहवाल दिला तिनं. गाईडनी काय शेरा मारला माहितीये? 'समाधानकारक'. एवढाच शब्द. पोरगीनं झेरॉक्स काढून आमच्या फ्रिजला लावलाय, स्वतःच्या घरी लावता येत नाही ना... आणि ती गुऱ्हाळावरची बाई, तिचा परवा फोन आला, ती म्हणाली...

अगंबाई! त्या आल्याच. बघू नका मागं. खुडा, खुडा मिरच्या.

या की वैनी! काय नाही हो, चटणीचंच चाललंय आमचं. धाकटी? अहो, ती आत्ताच गेली बघा डंकावर, माझ्याच मिरच्या घेऊन. नंबर मोठा आहे म्हणे, उशीर होईल तिला... ह्या? सुपातल्या? ह्या होय... ह्या यांच्या आहेत. दोन्ही सुपं यांचीच. मी आपली हातभार लावतेय.